बर्गंडीच्या तळघरांत

फ्रान्समधील द्राक्षमद्याचें नांव निघालें कीं भव्य वाडे, त्यांच्यापुढील रेखीव उद्यानें आणि सोनेरी अक्षरांच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. बोर्दो प्रांतांत असे वाडे आहेत हें खरें. परंतु पूर्व फ्रान्समधील बर्गंडीची तऱ्हा निराळी आहे. तेथें नांवाजलेली वाइन ज्या घरांत तयार होते, तें घर पुष्कळदां खेड्यांतील एखाद्या अरुंद रस्त्यावर असतें. दारावर लहानशी पाटी, आंत फरसबंद अंगण, अंगणांत वेलींच्या रांगेवरून दोन्ही बाजूंस चाकें टाकून चालणारा उंच ट्रॅक्टर, आणि कोपऱ्यांत तळघराकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, एवढाच तो थाट. अशा घरीं आधीं कळवून व वेळ ठरवून जावें लागतें. कारण वेलींची छाटणी करणारा, दार उघडणारा आणि पाहुण्याचा पेला भरणारा माणूस तेथें बहुधा एकच असतो.

त्या पेल्यांत काय आहे हें कळण्यासाठीं प्रथम जमिनीकडे पाहिलें पाहिजे. दिजों शहरापासून दक्षिणेकडे सुमारे ५० किलोमीटरपर्यंत टेकड्यांची एक अरुंद उतरण गेली आहे. तिचें तोंड पूर्वेकडे आणि जमीन चुनखडीची. माथ्यावर माती पातळ व खडकाळ, पायथ्याशीं ती जाड आणि ओलसर. वेलींना मानवतो तो मधला पट्टा. या पट्ट्यांतहि शे-दोनशें पावलांवर मातीचा पोत आणि पाण्याचा निचरा बदलतो. येथील उत्तम तांबडी वाइन पिनो न्वार या एकाच जातीच्या काळ्या द्राक्षांची आणि पांढरी शार्दोने जातीच्या द्राक्षांची. जात एकच असल्यामुळें जो फरक जिभेला जाणवतो, तो बराचसा जमिनीचा, असें तेथील शेतकरी मानतो. सितो येथील मठ १०९८ सालीं स्थापन झाला. त्या मठाच्या व इतर धर्मपीठांच्या साधूंनीं शतकानुशतकें या उतरणीवर वेली जोपासल्या, आणि हळूहळू प्रत्येक तुकड्याला स्वतःचें नांव व स्वतःची कीर्ति मिळाली. अशा तुकड्याला तेथें 'क्लिमा' म्हणतात. २०१५ सालीं युनेस्कोनें अशा १२४७ क्लिमांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

साधूंच्या या जमिनी राज्यक्रांतींत जप्त होऊन विकल्या गेल्या. पुढें १८०४ सालच्या नेपोलियनच्या दिवाणी कायद्यानें थोरला-धाकटा, मुलगा-मुलगी हा भेद काढून सर्व अपत्यांस वारशांत समान हक्क दिला, आणि पिढी-दर-पिढी वांटण्या होऊं लागल्या. 'क्लो द वूजो' हा सितोच्या साधूंनीं दगडी भिंतीनें बंदिस्त केलेला मळा सुमारे ५० हेक्टरांचा, म्हणजे सव्वाशें एकरांचा. १८८९ पर्यंत तो अखंड होता. त्या सालीं तो अनेकांस विकला गेला, आणि पुढील विक्री व वारसा यांमुळें आज त्याच भिंतीच्या आंत सुमारे ८० मालक आहेत.

महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला ही कथा परकी वाटणार नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मान यांनीं पिंपळे सौदागर या गांवाचा अभ्यास १९१७ सालीं प्रसिद्ध करून वांटणीनें जमिनीच्या कशा चिंध्या होतात हें दाखविलें, आणि १९४७ सालीं मुंबई प्रांताला तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. ज्वारी पिकविणाऱ्यास तुकडा परवडत नाहीं. चार तुकड्यांची ज्वारी अखेर एकाच कणगींत जाते. बर्गंडींत मात्र नांवाजलेल्या प्रत्येक पट्टीचीं द्राक्षें निराळीं खुडतात, निराळीं आंबवितात आणि निराळ्या पिंपांत ठेवितात. दहाबारा एकरांच्या धन्याची जमीनहि चार गांवांच्या शिवारांत दहा-पंधरा ठिकाणीं विखुरलेली असूं शकते. ओक लाकडाचें तेथील पिंप २२८ लिटरांचें. त्यांतून सुमारे ३०० बाटल्या भरतात. उंची मळ्यांत एवढें पिंप भरावयास सहा-सात गुंठे जमीन लागते. म्हणजे आजीच्या माहेराहून आलेली सहा-सात गुंठ्यांची पट्टी तळघरांत एक पिंप होऊन बसते. आपत्तीचें येथें वैशिष्ट्य झालें तें असें.

पाहुणा तळघरांत उतरतो तेव्हां हेंच त्याला क्रमाक्रमानें दाखविलें जातें. आंत गारवा असतो, भिंतींना ओल आणि काळपट बुरशी असते, आणि पिंपांवर खडूनें पट्ट्यांचीं नांवें लिहिलेलीं असतात. घरधनी पिंपाचें बूच काढतो, कांचेची नळी आंत सोडून थोडी वाइन वर ओढतो आणि पेल्यांत दोन बोटें घालतो. क्रम ठरलेला असतो: प्रथम प्रांताच्या नांवानें विकली जाणारी साधी वाइन, मग गांवाच्या नांवाची, मग पहिल्या प्रतीच्या क्लिमांची, आणि असेलच तर शेवटीं सर्वोच्च प्रतीची. इतरत्र पांढरीनंतर तांबडी देण्याचा प्रघात आहे. येथें अनेक घरीं उलट चालतें. पांढरीच्या आंबटपणानंतर कोंवळी तांबडी फार तुरट लागते, असें त्यांचें म्हणणें.

चाखणें म्हणजे पिणें नव्हे, हें नवख्या पाहुण्यानें ध्यानांत ठेवावें. प्रथम पेला उजेडाकडे धरून रंग पाहावा, मग तो हलकेच फिरवून वास घ्यावा, आणि नंतर लहानसा घोट तोंडांत खेळवून चूळ टाकावी. चूळ टाकण्यांत यजमानाचा अपमान नाहीं. दहा पिंपें चाखावयाचीं असतील तर तोच शहाणपणा आहे. कांहीं तळघरांत पेल्यांत उरलेली वाइन यजमान पुन्हां त्याच पिंपांत ओततो. आपल्याकडील पाहुण्याला तेथें उष्ट्याचा विचार येऊन चमकल्यासारखें होतें. परंतु एका पिंपाचें मोल जाणणाऱ्याला थेंबहि वायां दवडवत नाहीं.

जिभेला काय सांपडतें? तांबडीचा तुरटपणा द्राक्षाच्या सालींतून येतो, कारण तिचा रस सालींसह आंबवितात. पांढरीसाठीं द्राक्षें आधींच पिळून सालें वेगळीं काढतात. हिवाळ्यांत चाखलेली नवी वाइन कच्च्या सफरचंदासारखी आंबट लागली तर यजमान हंसून थोडा धीर धरावयास सांगतो. पुढें पिंपांतच सूक्ष्म जंतू सफरचंदांतील आम्लाचें दह्यांतील सौम्य आम्ल करतात, आणि तीच वाइन निवळते. पाहुणे पुष्कळदां फुलाफळांचीं नांवें घेऊन अलंकारिक वर्णन करूं पाहतात. त्याची आवश्यकता नाहीं. एकाच सालच्या, एकाच द्राक्षाच्या, एकाच हातानें केलेल्या, पण दोनशें पावलांच्या अंतरावरील दोन पट्ट्यांच्या वाइनी निराळ्या लागल्या, एवढें ज्याला जाणवलें त्याची फेरी सफळ झाली.

ही ओळख लोकांपर्यंत नेहमींच पोंचत होती असें नाहीं. पूर्वीं लहान शेतकरी आपलीं पिंपें बोन शहराच्या व्यापाऱ्यांस विकून टाकी. व्यापारी अनेकांचा माल एकत्र करीत, आणि कीर्तिवंत नांवाखाली भलताच माल खपविण्याचे प्रकारहि होत. १९२० ते १९४० च्या सुमारास कांहीं शेतकऱ्यांनीं आपल्याच घरीं बाटल्या भरून आपल्या नांवानें विकण्यास आरंभ केला, आणि १९३५ सालच्या कायद्यानें गांव व मळा यांच्या नांवांना संरक्षण दिलें. तेव्हांपासून चिठ्ठीवरील घराण्याचें नांव ही एक जबाबदारी झाली आहे. पाहुण्यानेंहि ती ओळखावी. पुष्कळ लहान घरीं चाखण्याचे पैसे घेत नाहींत. तेथें दोन-चार बाटल्या विकत घेणें हा शिष्टाचार होय, आणि माल संपला असल्यास हट्ट धरूं नये.

माल संपण्याचे प्रसंग अलीकडे वाढले आहेत. बोन येथील द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ सालापासूनच्या जुन्या कागदपत्रांतून जुळवून २०१९ सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केल्या. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीनें २८ सप्टेंबरला सुरू होई. १९८८ नंतर ती सरासरीनें १३ दिवस आधीं होऊं लागली आहे. उष्ण हिवाळ्यांत कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलच्या हिमांत सांपडतात. एप्रिल २०२१ मध्यें शेतकऱ्यांनीं रात्रीच्या रात्री रांगांमधून मेणाचे दिवे पेटवून वेलींना ऊब दिली, तरी त्या वर्षीं पीक फारच थोडें आलें.

निसर्गाहून अवघड संकट किंमतीचें आहे. जगभरच्या धनिकांची नजर या उतरणीकडे वळल्यापासून उंची मळ्यांचा भाव हेक्टरीं लाखों युरोंवर गेला आहे. वडील वारले कीं कांहीं सवलती वगळून वारसांना कर भरावा लागतो तो या बाजारभावावर. मग उत्पन्न शेतकऱ्याचें आणि कर जहागिरदाराचा, अशी स्थिति होते. शिवाय शहरांत नोकरी करणारी बहीण आपल्या वांट्याचे पैसे मागते, तेंहि न्यायाचेंच असतें. कांहीं कुटुंबें जमीन एका सामायिक संस्थेच्या नांवें करून केवळ भाग वांटून घेतात व कसणाऱ्याकडे पट्ट्या एकत्र राखतात. सर्वांना हें साधत नाहीं. 'क्लो द तार' हा साडेसात हेक्टरांचा मळा १९३२ पासून एका कुटुंबाकडे होता. २०१७ सालीं तो फ्रान्समधील एका अब्जाधीश उद्योगपतीच्या कंपनीकडे गेला.

चाखणें आटोपल्यावर घरधनी प्रत्येक पिंप तोंडापर्यंत पुन्हां भरतो व बूच घट्ट बसवितो. रिकाम्या जागेंत हवा शिरली तर वाइनीचा शिरका होतो. पायऱ्या चढून अंगणांत आलेल्या पाहुण्याला समोरची उतरण दिसते. उतरतांना जी एकसारखी हिरवी वाटली होती, तिच्यांत आतां त्याला बांध, पायवाटा आणि भिंती दिसूं लागतात. प्रत्येक पट्टीला नांव आहे. तीं नांवें कागदावर कायम राहतील. परंतु खडू हातीं घेऊन तीं पिंपावर लिहिणारें माणूस पुढच्या पिढींतहि याच घरचें असेल किंवा नाहीं, याचा निकाल अनेक घरांत अजून लागावयाचा आहे.