हिमनदी, हतनूर आणि चक्रवाक

आपल्या खानदेशी माणसाची बर्फाशी गाठ पडते ती बहुधा दोनच ठिकाणी : यात्रेतल्या गोळ्याच्या गाडीवर आणि लग्नाच्या मांडवातल्या पाण्याच्या पिंपात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की जळगाव-धुळ्याच्या माणसाला हिमनदी म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातले एक थंडगार प्रकरण वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु हिमनदीचा आणि आपल्या तापीचा काहीच संबंध नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तो संबंध कोणता, हेच या लेखात सांगायचे आहे.

निमित्त घडले ते असे. अमेरिकेत राहणारे माझे काका मुलाबाळांसह अलास्कातील ग्लेशियर बे या उपसागरात जहाजाने फिरून आले. दिवसभर डेकवर उभे राहून त्यांनी निळसर बर्फाचे कडे पाहिले, समुद्रात कोसळणारे हिमखंड पाहिले, देवमासे आणि सील पाहिले. ती छायाचित्रे घरी आली तेव्हा आजीने विचारले, “बर्फ तर दगडासारखा, मग त्याची नदी वाहते कशी? आणि आपल्या तापीला का नाही तसा बर्फ?” प्रश्न दोन्ही साधे आणि दोन्ही मोलाचे.

पहिल्याचे उत्तर असे. उंच किंवा अतिथंड प्रदेशात दरवर्षी पडणारा हिम उन्हाळ्यात पुरता वितळत नाही. थरावर थर साचतात, वरच्या भाराने खालचा हिम दाबला जातो, त्यातील हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट बर्फ होतो. हा बर्फ पुरेसा जाड झाला की स्वतःच्याच वजनाने उताराकडे अगदी संथपणे सरकू लागतो. असा दाट बर्फ प्रकाशातला तांबडा रंग अधिक शोषतो, म्हणून तो निळा दिसतो. १७९४ साली व्हँकुव्हरच्या मोहिमेने ग्लेशियर बे पाहिला, तेव्हा तो बहुतेक सगळा बर्फाने भरलेला होता. १८७९ साली जॉन म्यूर तेथे पोहोचला, तेव्हा बर्फ कितीतरी मैल मागे हटला होता. आज जहाजे फिरतात ती त्या मोकळ्या झालेल्या पाण्यातून.

आता तापी. ती मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. सातपुड्याच्या माथ्यावर बर्फ नाही. तापीचे सारे पाणी पावसाचे. गंगेचे तसे नाही. तिचा उगमप्रवाह असलेल्या भागीरथीला ऐन उन्हाळ्यात सुमारे ३० किलोमीटर लांबीची गंगोत्री हिमनदी वितळून पाणी पुरवते. म्हणजे हिमनदी हे निसर्गाचे धरणच म्हणायचे : थंडीत साठवायचे आणि उन्हाळ्यात थोडेथोडे सोडायचे. तापीला ही सोय निसर्गाने दिली नाही, म्हणून माणसाने केली. भुसावळजवळ हतनूर येथे ४१ दरवाजांचे धरण १९८२ साली पूर्ण झाले. हतनूर ही एका अर्थी खानदेशची हिमनदीच होय.

या ‘हिमनदी’वर जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब गेलो. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन, कोरीव दगडी मंदिर आहे. तेथवर धरणाचे पाणी पसरते. दर्शन आटोपून आम्ही वल्ह्याच्या नावेत बसलो. वडिलांनी नाव पक्ष्यांच्या जवळ घ्यायला सांगितली, तेव्हा नावाडी म्हणाला, “भाऊ, लांबूनच पाहू. जवळ गेलो की सगळे उठतात.” त्याच्या बोलण्यात शास्त्र होते. परतीच्या प्रवासासाठी हे पक्षी अंगात चरबी साठवतात; विनाकारण घ्यावी लागलेली प्रत्येक भरारी ती शिधोरी कमी करते.

पाण्यावर काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे पक्षी शेकड्यांनी तरंगत होते. त्यांचे नाव वारकरी आहे असे कळताच आजी म्हणाली, “मुक्ताईच्या दारी वारकरी असायचेच!” पुढे लाल डोक्याच्या लालसरी, शेपटीला टोक असलेली तलवार बदके, काठाला राखी बगळे आणि कमळपक्षी दिसले. आणि चिखलाच्या एका पट्टीवर एक जोडी उभी होती, नारिंगी-तपकिरी अंगाची आणि फिकट डोक्याची. हे चक्रवाक, अर्थात ब्राह्मणी बदक.

संस्कृतच्या विद्यार्थ्याला चक्रवाक नवा नाही. रात्री विरहाने एकमेकांना साद घालणारे जोडपे म्हणून काव्यात तो पदोपदी भेटतो. मात्र आपल्या मैदानी मुलखात त्याची पिले दिसत नाहीत. कारण त्याचे माहेर लडाख, तिबेट आणि मध्य आशिया. तेथील उंच सरोवरांच्या काठी, कड्यांतल्या बिळांत तो अंडी घालतो. त्या सरोवरांना हिमाचे आणि हिमनद्यांचे पाणी मिळते. ऑक्टोबरच्या सुमारास तो खाली उतरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. अंगावर यंत्र बसवलेल्या काही चक्रवाकांनी हिमालय ओलांडताना सुमारे ६,८०० मीटर उंची गाठल्याची नोंद आहे. म्हणजे आम्ही पाहिलेल्या त्या जोडीचे एक घर हिमनद्यांच्या छायेत, तर दुसरे आपल्या केळीच्या मुलखात!

दुर्दैवाने या दोन्ही घरांना आज घरघर लागली आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे हिमालयातील बहुतेक हिमनद्या आक्रसत आहेत. गंगोत्रीचे मुखही वर्षानुवर्षे मागे सरकत आहे. इकडे हतनूर उष्णतेने नव्हे, पण गाळाने आटत आहे. पूर्णा नदी अकोला-बुलढाण्याकडची काळी माती घेऊन येते आणि ती धरणात बसते. हिमनदी खडक दळून त्याचे पीठ वाहून नेते, तसेच हे. तापीकाठची सुपीक जमीन याच गाळाने घडवली हे खरे. पण शेतात जो गाळ सोने, तोच धरणात पाण्याची जागा खातो.

येथे एक पेच उभा राहतो. गाळामुळे झालेली उथळ जागा चक्रवाकाला आणि बदकांना चरायला सोयीची. तीच भुसावळ परिसरातील गावांना, कारखान्यांना आणि कालव्यावरच्या शेतकऱ्याला तोट्याची. गाळ मुळीच काढू नका असे पक्षिप्रेमी म्हणतील, तर तहानलेल्या गावाने ते का ऐकावे? आणि सगळाच काठ खरवडून काढला, तर पाहुण्यांनी उतरावे कोठे? माझ्या मते मार्ग मधला आहे. गाळ काढावा, पण पाहुणे परतल्यावर, उन्हाळ्यात. काही उथळ काठ राखून ठेवावेत. आणि मुख्य म्हणजे माती जेथून सुटते तेथेच, वरच्या शेतांत, बांधबंदिस्ती करून आणि झाडे लावून ती अडवावी.

यात कला शाखेच्या विद्यार्थ्याने काय करावे, असे कोणी विचारील. त्याने मोजावे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही. दुर्बीण, वही आणि दोन तासांचा धीर पुरतो. अलास्काच्या जहाजाचे भाडे आपल्याला परवडणारे नाही. हतनूरची एक सकाळ मात्र कोणालाही परवडेल. बर्फ किती उरला हे लडाखच्या डोंगरावर जाऊन मोजणे आपल्या हाती नसले, तरी तेथून किती पाहुणे आले हे मोजणे आपल्या हाती आहे. आजपासून वीस वर्षांनी कोणी विचारले की पूर्वी चक्रवाक किती येत, तर त्याचे उत्तर आपल्या महाविद्यालयाच्या एखाद्या वहीत सापडावे.