क्रीट : एका दिवसाला एकच घाट

लेखमाला : आपली गाडी, आपली वाट (भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय कशी करावी ते पाहिलं. आता ती सवय घेऊन ग्रीसच्या सर्वांत मोठ्या बेटावर जाऊ. क्रीटचा नकाशा पाहिला की प्रत्येक जोडप्याला वाटतं, चार-पाच दिवसांत सगळं फिरून होईल. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर. उत्तर-दक्षिण रुंदी जास्तीत जास्त साठ, आणि इएरापेत्राजवळ तर जेमतेम बारा. सकाळी उत्तर किनाऱ्यावर न्याहारी करू, दुपारी दक्षिणेला पोहू, संध्याकाळी परत येऊ, असा बेत मनात लगेच तयार होतो. पण नकाशावर न दिसणारा डोंगर मध्ये उभा असतो, आणि क्रीटमधला प्रत्येक दिवस त्याला विचारूनच आखावा लागतो.

डोंगर आला कुठून

आफ्रिकेचं भूपट्ट क्रीटच्या दक्षिणेला समुद्रतळाखाली सरकतं आहे. त्या रेट्याने हे बेट वर उचललं गेलं. पश्चिमेला लेफ्का ओरी, मध्ये प्सिलोरितिस आणि पूर्वेला दिक्ती अशा तीन मोठ्या रांगा बेटाच्या कण्यावर बसल्या आहेत. प्सिलोरितिसची उंची २,४५६ मीटर आणि लेफ्का ओरीतल्या पाह्नेस शिखराची २,४५३. वसंतात खाली समुद्रकिनारी लोक ऊन खात असतात, तेव्हा वर बर्फ पांढरा चमकत असतो.

ही उचल डोळ्यांनी पाहायची असेल तर पश्चिम टोकाच्या फालासार्नाला जा. पुळण सुंदर आहेच, पण तिच्या उत्तर टोकाला प्राचीन बंदराचे अवशेष आहेत आणि ते आज कोरड्या जमिनीवर आहेत. इसवी सन ३६५ मध्ये इथे प्रचंड भूकंप झाला आणि क्रीटचा पश्चिम भाग एका धक्क्यात कित्येक मीटर वर आला. फालासार्नाचं बंदर सहा मीटरहून अधिक उचललं गेलं. जिथे गलबतं लागत होती तिथे आज आपण चपला घालून फिरतो. त्याच भूकंपाच्या लाटा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियापर्यंत पोहोचल्या होत्या.

फणीसारखे रस्ते

क्रीटचे रस्ते या डोंगरामुळेच आज आहेत तसे झाले. उत्तर किनाऱ्याने किसामोसपासून सितियाच्या दिशेने हमरस्ता जातो. तिथले लोक त्याला नॅशनल रोड म्हणतात. हानिया, रेथिम्नो, इराक्लिओ ही मोठी शहरं त्याच्याच काठाला आहेत. त्या रस्त्यापासून दक्षिणेकडे एकेक घाटरस्ता फुटतो, डोंगर ओलांडतो आणि लिबियन समुद्राला भिडतो. ही रचना फणीसारखी आहे : उत्तरेला दांडा, दक्षिणेला दात. नैर्ऋत्येला लेफ्का ओरी सरळ समुद्रात उतरतो, त्यामुळे तिथे एका दाताच्या टोकावरून दुसऱ्याच्या टोकाला नेणारा सलग किनारी रस्ता नाही. दक्षिणेतली दोन शेजारची गावं पाहायची तर बहुधा पुन्हा डोंगर चढून दांड्यापर्यंत यावं लागतं.

म्हणून या भागाचा मुख्य सल्ला शीर्षकातच आहे. एका दिवशी एकच दात निवडा. जाताना घाट, खाली समुद्र, येताना तोच घाट दुसऱ्या उजेडात. अख्ख्या बेटाला एका दमात वळसा घालणारं जोडपं दिवसाचा बराचसा वेळ गाडीच्या काचेआड काढतं आणि ज्यासाठी गाडी घेतली तेच त्याच्या हातून निसटतं.

हानियाहून स्फाकियाला

सगळ्यात आधी कोणता दात निवडावा, असं मला विचाराल तर हानिया ते होरा स्फाकिओन. अंतर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, वेळ दीड तास. पण त्याला अख्खा दिवस द्या. हमरस्ता सोडला की व्रिसेस गाव लागतं. तिथे ओढ्याकाठी चिनारांच्या सावलीत घट्ट दही आणि मध मिळतं. मग चढ सुरू होतो आणि एका वळणानंतर अचानक अस्किफूचं पठार उघडतं : चहूबाजूंनी डोंगर, मध्ये सपाट शेतं, कडेला घरं. पुढे इम्ब्रोस, आणि त्यानंतर लिबियन समुद्र एकदम पायाखाली दिसतो.

मे १९४१ मध्ये याच वाटेने ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे हजारो सैनिक पायी माघारी आले. २० मे रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक मालेमेच्या विमानतळाभोवती उतरले होते आणि काही दिवसांतच बेट राखणं अशक्य झालं. त्या काळी रस्ता किनाऱ्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. तो कड्यावरच संपायचा. तिथून थकलेली माणसं पायवाटेने खाली उतरली. रात्री युद्धनौका येत आणि मिळतील तेवढ्यांना घेऊन जात. हजारो सुटले, हजारो मागे राहून कैदी झाले. आज आपण ती उतरण डांबरी नागमोडी रस्त्याने उतरतो. एखाद्या रुंद वळणावर, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा आणि ते अंतर नजरेने मोजा. भाड्याच्या गाडीने दिलेली ही खरी मोकळीक आहे : मध्येच थांबता येणं.

दोन जागा, दोन कामं

भारतीय परवान्यासोबत आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना ग्रीसमध्ये लागतो. त्याची मुदत एक वर्षाची असते. दोघंही चालवणार असाल तर दोघांचेही परवाने न्या आणि करारात दोघांची नावं लिहून घ्या. नाव नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला, तर विम्याचा आधार राहत नाही.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तिथे डावीकडे. त्यामुळे उजव्या बाजूला गाडी किती पसरली आहे याचा अंदाज आपल्याला सुरुवातीला येत नाही आणि गाडी नकळत उजवीकडे सरकते. घाटात कित्येकदा दरी त्याच बाजूला असते, आणि तिथे आपला जोडीदार बसलेला असतो. तो किंवा ती ‘जरा डावीकडे घे’ म्हणते तेव्हा ती भीती नसते, माहिती असते. चालवणाऱ्याने ती मुकाट्याने मानावी. शेजारी बसणाऱ्याने वळणाच्या आधी सांगावं, वळणात नाही. आम्ही दोघं घाट उतरलो की जागा बदलतो. त्यामुळे दोघांनाही डोंगर पाहायला मिळतो आणि दोघांनाही दुसऱ्याच्या कामाचा शीण कळतो.

हमरस्त्यावरची एक स्थानिक रीत ओळखून ठेवा. बऱ्याच ठिकाणी एकेरी मार्गिकेला लागून रुंद पट्टा असतो आणि मागून वेगवान गाडी आली की पुढचा चालक त्यावर सरकून वाट देतो. घाई करू नका. पुढे सायकलस्वार किंवा बंद पडलेली गाडी नाही हे पाहूनच सरका. घाटात शेळ्या-मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात. वळणांवर खांबावर बसवलेली छोटी देवळं दिसतील. आत तेलाचा दिवा आणि संताची प्रतिमा. कुणी तिथे जीव गमावला किंवा कुणी थोडक्यात वाचलं, म्हणून घरच्यांनी ती उभारलेली असतात. अशी दोन-तीन देवळं एकत्र दिसली की वेग कमी करा.

गोर्तिनाची भिंत

दुसरा दात इराक्लिओहून मेसाराच्या मैदानात उतरतो. शहराबाहेरचा क्नोसोसचा राजवाडा बहुतेकांना ठाऊक असतो. आर्थर एव्हान्स यांनी १९०० मध्ये तिथे मोठं उत्खनन सुरू केलं, आणि त्याआधी १८७८ मध्ये मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक माणसाने तिथे खणून पाहिलं होतं. राजवाडा सकाळी लवकर पाहा आणि दक्षिणेला गोर्तिनाकडे निघा.

गोर्तिना रोमन काळात क्रीटची राजधानी होती, पण तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट त्याहून जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात दगडी भिंतीवर कोरलेला कायदा तिथे आजही उभा आहे. एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे, अशा सुमारे सहाशे ओळी. त्यात घटस्फोटाचा नियम आहे : पत्नीने लग्नात आणलेली मालमत्ता तिचीच राहील, त्या मालमत्तेच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा तिला मिळेल आणि तिने विणलेल्या कापडाचाही अर्धा. अडीच हजार वर्षांपूर्वी एका गावाने हे दगडावर लिहून सगळ्यांसमोर ठेवलं. लग्न झालेल्या दोन माणसांनी त्या भिंतीपुढे एकत्र उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

ताट आणि पेला

शाकाहारी वाचकांना क्रीटमध्ये उपाशी राहावं लागत नाही. जवाच्या कडक पावावर टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज घातलेला दाकोस, पिवळ्या डाळीची फावा, उकडलेली रानभाजी म्हणजे होर्ता, भात भरलेले टोमॅटो हे सगळीकडे मिळतं. ऑर्थोडॉक्स पंथात उपवासाचे दिवस पुष्कळ. त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपवासाचं आहे का, एवढं विचारा. मात्र त्यात शिंपले आणि ऑक्टोपस चालतात, म्हणून तेही स्पष्ट विचारा.

जेवणानंतर मालक बहुधा फळांसोबत त्सिकुदियाची छोटी बाटली पुढे करतो. द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेली ही कडक दारू आहे. ज्याच्या हाती घाट आहे त्याने हात जोडून नको म्हणावं. कुणी वाईट वाटून घेत नाही.

गाडी कुठे सोडावी

काही जागा गाडीच्या नाहीतच. बालोसच्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला बरेचसे करार मनाई करतात, आणि टायर व गाडीची खालची बाजू बऱ्याचदा विम्यातून वगळलेली असते. किसामोसहून बोटीने जा. समारियाची घळ सोळा किलोमीटर चालायची आहे, वर ओमालोसला सुरू होऊन खाली आगिया रुमेलीला संपते. तिथून बाहेर पडायला बोटच लागते, म्हणजे वर ठेवलेली गाडी उपयोगाची नाही. त्या दिवशी बसने जा. लुत्रो गावाला रस्ताच नाही. होरा स्फाकिओनला गाडी लावून बोट पकडा.

बेत असा करा : अर्धे दिवस हानियात मुक्काम, अर्धे इराक्लिओत किंवा मेसाराच्या बाजूला. मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. रोज एक दात, आणि एखादा दिवस गाडीला सुट्टी. राहिलेले दात राहू द्या. एक घाट नीट पाहिलेल्या जोडप्याला क्रीट जितकं कळतं, तितकं चार घाट धावत ओलांडणाऱ्याला कळत नाही.

पुढील आठवड्यात : नाक्सोस आणि पारोस. भाड्याची गाडी बोटीवर चढवावी, की बंदरात परत करून पलीकडे दुसरी घ्यावी?