दोन तोलांत का नाही?

इंदूरच्या राजवाड्यामागचा सराफा रात्री खाण्यापिण्यासाठी गाजतो. दिवसा मात्र तिथे सोन्याचांदीचे राज्य. समजा, तिथल्या एखाद्या पेढीवर मल्हारनगर टांकसाळीचे बारा होळकरी रुपये आहेत. त्यांतला एक खोटा, पण खऱ्यापेक्षा जड की हलका ते ठाऊक नाही. हाताशी दोन पारड्यांचा काटा आहे, वजने नाहीत. तो रुपया ओळखायचा, जड की हलका तेही सांगायचे. तीन तोलांत हे जमते. युक्ती कोड्यांच्या पुस्तकांत सापडते. खरी गंमत पुढे आहे: दोन तोलांत का जमत नाही?

बारांपैकी कोणताही खोटा असेल, जड किंवा हलका, म्हणजे शक्यता चोवीस. काटा दर वेळी तीनच उत्तरे देतो: डावे पारडे खाली, उजवे खाली, दोन्ही समान. दोन तोलांत नऊ उत्तरे. नऊ उत्तरांत चोवीस शक्यता वेगळ्या करता येत नाहीत, मग सराफ कितीही तरबेज असो. ही झाली खालची मर्यादा. अजून कोणाला न सुचलेल्या युक्त्याही तिच्यापुढे आधीच हरलेल्या असतात.

पण नुसत्या मोजणीवर विसंबू नये. तेरा नाण्यांच्या शक्यता सव्वीस, तीन तोलांची उत्तरे सत्तावीस. तरीही तीन तोल पुरत नाहीत. पहिल्या तोलात चार-चार नाणी ठेवली आणि काटा समतोल राहिला, तर बाहेरच्या पाचांच्या दहा शक्यता उरतात आणि पुढच्या दोन तोलांत उत्तरे नऊच. पाच-पाच ठेवली, तर पारडे झुकताच पुन्हा दहा शक्यता. संगणकाकडून बारा आकडे क्रमाने लावून घेतानाही हेच. मोजणी सांगते, किमान 29 तुलना. 1965 मध्ये मार्क वेल्स यांनी संगणकानेच तपासून दाखवले की 30 लागतात.

‘इतक्यात जमते’ हे दाखवायला एक युक्ती पुरते. ‘याहून कमीत जमणारच नाही’ म्हणायचे, तर साऱ्या युक्त्यांशी एकदम भांडावे लागते. त्यामुळे या बाबतीत गणिताचा संसार तसा गरिबीचाच. क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये सिद्ध केले की बहुतेक तार्किक कामांना अवाढव्य मंडले (सर्किट) लागतात. पण बोट ठेवून ‘हे बघा असे एक काम’ म्हणायची वेळ आली, की आदानांच्या (इनपुटच्या) संख्येच्या मोजक्या पटींपलीकडे कोणाचीही सिद्धता जात नाही. गर्दी दिसते, त्यातला माणूस ओळखता येत नाही.

बाहेरच्या क्षेत्रांत खालची मर्यादा वेगवेगळ्या रूपांत भेटते. संख्याशास्त्रात सी. आर. राव यांनी 1945 मध्ये दाखवले की ठरावीक नमुन्यावरून काढलेल्या निःपक्षपाती अंदाजातली अनिश्चितता एका पातळीखाली उतरूच शकत नाही. महेश्वर-नावडाटोलीसारख्या उत्खननात अबाधित थरात एखाद्या राजाचे नाणे मिळाले, तर तो थर त्या नाण्याआधीचा असू शकत नाही. किती नंतरचा, ते नाणे सांगत नाही. हमीभावाची गोष्ट मात्र निराळी. सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि माळव्याच्या मंड्यांत त्याखाली सौदे झाले. ठरवलेली मर्यादा मोडता येते, सिद्ध झालेली नाही. दोन्हींना एकच नाव देऊन आपण शेतकऱ्याची समजूत काढतो, असे मला वाटते.

सिद्ध होणाऱ्या मर्यादांच्या कामात मराठी गणितज्ञाचे नाव घ्यायचे, तर सागरला 1917 मध्ये जन्मलेले शरच्चंद्र श्रीखंडे. सहा पलटणींतून सहा हुद्द्यांचा प्रत्येकी एक, असे 36 अधिकारी अशा चौरसात उभे करायचे, की प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदाच यावा, हे ऑयलरचे 1782 मधले कोडे. सहासाठी ते सुटत नाही. दहा, चौदा, अठरा यांसाठीही सुटणार नाही, असा त्याचा अंदाज होता. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी 1959 मध्ये तो साफ उलटवला आणि ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. सहाच्या पुढच्या प्रत्येक संख्येसाठी, पलटणींचा एक आणि हुद्द्यांचा एक, असे परस्परांशी जुळणारे किमान दोन चौरस असतातच. इथे भूमिका बदलतात: चौरस रचून दाखवला की खालची मर्यादा मिळते, अशक्यता सिद्ध केली की वरची खाली येते. पुढच्याच वर्षी चावला, एर्डॉश आणि स्ट्राउस यांनी दाखवले की संख्या वाढेल तशी ही खालची मर्यादाही अमर्याद वाढते. दहासाठी वरची मर्यादा सरळ विचाराने नऊ; नऊ जमत नाहीत हे क्लेमेंट लाम आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये प्रचंड संगणकीय शोधानंतर सांगितले. तिसरा चौरस मात्र कोणाला सापडलेला नाही आणि तो नाहीच, हेही कोणी दाखवलेले नाही. दहासाठी खालची मर्यादा 1959 मध्ये होती तिथेच आहे: दोन.