पिसे झडणारी कोंबडी विकू नका

आमच्या गोंदिया जिल्ह्यात हलक्या धानाची कापणी आटोपते, भारी धान अजून बांधीत उभे असते, आणि त्याच दिवसांत परसातली कोंबडी अंडी देणे थांबवते. मानेची पिसे जातात, पाठ उघडी पडते, शेपूट गळते, तुरा फिका पडतो. घरात बोलणे सुरू होते, "हिला काहीतरी लागलंय, मरायच्या आत विकून टाका." मग आठवडी बाजारात ती पडत्या भावात जाते. अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातचे असतात, मुलांच्या वह्या-पुस्तकांना तेच कामी येतात. म्हणून हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही.

ही कोंबडी बहुधा आजारी नसते. वयाच्या साधारण दीड वर्षानंतर ती वर्षातून एकदा जुनी पिसे टाकून नवी घेते. त्याची खूण तिला दिवसाच्या लांबीवरून मिळते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस तेरा तासांहून मोठा असतो, डिसेंबरात अकरा तासांहूनही लहान. उजेड कमी होऊ लागला की अंडी थांबतात आणि अंगातली ताकद पिसांकडे वळते. हे काम दोन ते तीन महिने चालते. गोंदियाची डिसेंबर-जानेवारीतली थंडी विदर्भात प्रसिद्ध आहे. त्याआधी अंग झाकले जावे, अशीच ही व्यवस्था अल्लाहने केली आहे.

एक गोष्ट मात्र उलटी आहे, आणि तीच लक्षात ठेवण्यासारखी. जी कोंबडी लवकर पिसे टाकायला लागते आणि महिनोन्महिने रेंगाळते, ती अंड्यांना कमी असते. जी उशिरापर्यंत अंडी देत राहते आणि मग एकदम सगळी पिसे टाकून भुंडी होते, ती चांगली देणारी. म्हणजे नोव्हेंबरात जी सर्वांत वाईट दिसते, तिलाच आपण बाजारात पाठवतो!

आता खाण्याचे. पिसाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांचा असतो, आणि आपण कोंबडीपुढे टाकतो कणकी. गिरणीच्या गावात कणकी आणि कोंडा स्वस्त मिळतो हे खरे, पण कणकीत प्रथिने आठ टक्क्यांच्या आसपासच असतात. या दिवसांत त्याच्या दुप्पट लागतात. त्यासाठी महागडे खाद्यच आणावे असे नाही. तलावातली बारीक मासळी सुकवून कुटून घाला. भाजलेल्या सोयाबीनची भरड चालते. कच्चे सोयाबीन नको, ते पचत नाही. शेवग्याचा पाला द्या. शेणकुटाखाली किंवा ओल्या तणसाखाली उधळी लागली असेल तर कोंबड्यांना तिथे मोकळे सोडा. शेंगदाण्याची पेंड उत्तम, पण बुरशी आलेली असेल तर उकिरड्यावरही टाकू नका, कोंबड्या तिथेच जाऊन खातील.

नवे पीस सुईसारखे बाहेर येते आणि त्याच्या दांड्यात रक्त असते. तिथे हात लागला तरी तिला दुखते, आणि सुई मोडली तर रक्त वाहते. पोरांना सांगा, या दिवसांत कोंबडी धरायची नाही. रक्त दिसले की इतर कोंबड्या तिला टोचतात; अशीला डाल्याखाली वेगळी ठेवावी. खुराड्यात कोरडे तणीस पसरा, एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा, म्हणजे ती लोळून उवा झाडील. मेहमान आले तरी हीच कोंबडी जिबह करू नका. कोवळे खुंट काही केल्या निघत नाहीत, आणि मांसही भरलेले नसते.

मोठ्या पोल्ट्र्यांत या नैसर्गिक गोष्टीचा गैरफायदा घेतला गेला आहे. कोंबड्यांना काही दिवस उपाशी ठेवायचे, म्हणजे सगळ्या एकदम पिसे टाकतात आणि पुढे एकदमच अंड्यांवर येतात. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ मध्ये हा प्रकार १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याविरुद्ध असल्याचे सांगून तो थांबवायला लावले. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. अंडी देत नाही म्हणून दाणे आखडते घेणारे घरही त्याच वाटेवर आहे, असे आम्हाला वाटते.

पिसे जात असूनही कोंबडी खाते, चालते, दाणे टाकले की धावत येते. जी मान टाकून एका जागी बसते, हिरवी पातळ हगवण करते, तोंड उघडून श्वास घेते किंवा जिची मान वाकडी होते, तिला रानीखेत असू शकतो. ती बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे हा तर गुन्हाच. तिला लगेच वेगळे करून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, आणि बाकीच्यांच्या लसीचेही तिथेच विचारा.

शेपूट पूर्ण आली, तुरा पुन्हा लाल झाला, की शिंपल्यांचा चुरा सुरू करा. पहिली एक-दोन अंडी लहान असतील. पुढची पूर्वीपेक्षा मोठी आणि जाड टरफलाची निघतात. रवणीला बसवायची तर तीच ठेवा.