अनोळखी ब्रँडचा होम थिएटर अॅम्प्लिफायर : घ्यावा की टाळावा?

घरोघरी मोठे, पातळ टी. व्ही. आले, पण पेटी पातळ झाल्यामुळे त्यांचा आवाजही पातळ झाला. म्हणून होम थिएटर अॅम्प्लिफायरला तालुक्याच्या गावांतही गिऱ्हाईक आहे. नामांकित जपानी कंपन्यांचा माल सर्वांच्या खिशाला परवडत नाही. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि दिल्लीच्या लजपतराय मार्केटमधून ज्यांचे नावही कोणी ऐकलेले नाही असे ब्रँड दुकानांत येतात. खोके रंगीत, त्यावरचे आकडे प्रचंड आणि दुकानदाराला सुटणारा नफाही बरा. या मालात आपले भांडवल गुंतवावे काय, हा प्रश्न अनेक व्यापारी बंधूंपुढे असतो.

याचे उत्तर नावावर अवलंबून नाही आणि खोक्यावरच्या आकड्यावर तर मुळीच नाही. जो माल आपण उघडून तपासला आहे आणि जो जसा आहे तसा सांगून विकता येतो, तोच घेण्यालायक होय.

अनोळखी म्हणजे वाईट नव्हे

एन.ए.डी. ही कंपनी १९७२ साली लंडनमध्ये सुरू झाली. मोठ्या जपानी कंपन्यांपुढे तिचे नाव लहान होते. १९७८ साली तिने ‘३०२०’ हा अॅम्प्लिफायर बाजारात आणला. दिसायला साधा आणि ताकद प्रत्येक बाजूला फक्त २० वॅट. दुसरे मोठमोठे आकडे मिरवीत असताना हा छोटा अॅम्प्लिफायर जगभर खपला. कारण ते वीस वॅट खरे होते आणि संगीतातल्या क्षणभराच्या उसळीला त्याहून बरीच जास्त ताकद देण्याची त्याच्या पॉवर सप्लायची तयारी होती. तेव्हा नवे नाव पाहून माल परत पाठवू नये आणि लहान आकडा पाहून नाक मुरडू नये.

वॅटचा हिशेब

नव्वदच्या दशकात टेप रेकॉर्डरच्या खोक्यांवर ‘पी.एम.पी.ओ.’ हा शब्द झळकत असे. दोन-चार वॅटच्या यंत्रावर शेकडो वॅट लिहिलेले असत. या आकड्याला कोणतीही ठरलेली मोजपट्टी नाही. प्रत्येकाने आपल्या मर्जीने लिहावा असा तो आकडा आहे. खरी ताकद म्हणजे यंत्र सतत देऊ शकते ती, जिला बाजारात ‘आर.एम.एस.’ वॅट म्हणतात. तीही किती ओहमच्या स्पीकरवर, किती विकृतीसह (डिस्टॉर्शन) आणि एका वेळी किती चॅनेल चालवून मोजली, हे सांगितल्याशिवाय अपुरी असते. अमेरिकेत या फसवणुकीला आळा घालण्यासाठी १९७४ सालीच नियम करावा लागला. २०२४ साली तो आणखी कडक करण्यात आला : मोजणी ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात आणि एक टक्क्याहून कमी विकृतीवर झाली पाहिजे.

आपल्याकडे व्यापाऱ्याने हा हिशेब स्वतःच करावा. तो अवघड नाही. अॅम्प्लिफायर वीज निर्माण करीत नाही. भिंतीतून जेवढी घेतो त्याहून कमीच स्पीकरला देतो. मागच्या बाजूला एक अँपिअरचा फ्यूज असेल, तर २३० व्होल्टवर तो सतत सुमारे २३० वॅटच घेऊ शकतो. मग खोक्यावरचे ‘१००० वॅट’ आले कोठून? जुन्या पद्धतीचा (क्लास एबी) अॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी साधारण अर्धी ते साठ टक्के स्पीकरपर्यंत पोहोचवतो. नव्या क्लास-डीचा ८५ ते ९० टक्के. अॅडॉप्टरवर चालणाऱ्या लहान यंत्राचा हिशेब तर त्याहून सोपा : २४ व्होल्ट, ४ अँपिअर म्हणजे ९६ वॅट. त्यातून २०० वॅट आवाज निघणे शक्य नाही. अॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे की नाही, हेही तिथेच पाहून घ्यावे.

झाकण उघडून पाहा

कारागीर बंधूंना सांगायला नको की यंत्राची खरी पत्रिका झाकणाखाली असते. प्रथम ट्रान्सफॉर्मर. तांब्याच्या तारेचा दोनशे व्हीएचा ट्रान्सफॉर्मर एकटाच सुमारे अडीच-तीन किलो भरतो. अख्खे यंत्र तीन किलोचे आणि दावा पाचशे वॅटचा असेल, आणि आत ट्रान्सफॉर्मरच असेल, तर दावा खोटा समजावा. तारेच्या टोकावरचा मुलामा खरवडून आत चकाकी पांढरी दिसली तर तार ॲल्युमिनियमची आहे. ती अधिक तापते आणि तिचे टाके लवकर सुटतात.

नंतर आयसी आणि ट्रान्झिस्टर. आपल्या कारागिरांच्या ओळखीची ४४४० ही आयसी दोन चॅनेलना प्रत्येकी सुमारे ६ वॅट आणि ब्रिज जोडणीत सुमारे १९ वॅट देते; त्याहून जास्त मागणे म्हणजे तिला जाळणे. क्लास-डीची ३११६ ही आयसी २१ व्होल्टवर, ४ ओहमला दोन्ही बाजूंना ५० वॅट देते. पण तोही आकडा दहा टक्के विकृती धरून मोजलेला आहे. कान दुखणार नाहीत असा आवाज त्याहून बराच कमी. आयसीचा क्रमांक घासून पुसलेला असेल तर तो माल परत करावा. ५२०० आणि १९४३ या जोडीच्या नकली ट्रान्झिस्टरांनी बाजार भरलेला आहे. छपाई पुसट आणि भाव अर्ध्याहून कमी असेल तर ते अस्सल नसण्याचीच शक्यता जास्त.

दुकानातच करण्याच्या चाचण्या

पहिली चाचणी मल्टिमीटरची. आवाज पूर्ण बंद ठेवून स्पीकरच्या खुंट्यांवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. शंभरच्या वर गेले तर स्पीकरच्या कॉईलला धोका आहे. ब्रिज जोडणीच्या यंत्रात दोन्ही खुंट्यांमध्येच मोजावे. एक खुंटी बॉडीला धरू नये.

दुसरी चाचणी ताकदीची. स्पीकरऐवजी ८ ओहमचा, पुरेशा वॅटचा रेझिस्टर लावा आणि मोबाइलवरून १०० हर्ट्झचा स्वर द्या. ऑसिलोस्कोपवर लहरीचे माथे सपाट होऊ लागण्याच्या थोडे आधी थांबा आणि एसी व्होल्ट मोजा. व्होल्टचा वर्ग करून ८ ने भागा. २० व्होल्ट भरले तर ४०० भागिले ८, म्हणजे खरे ५० वॅट. हीच मोजणी सर्व चॅनेल एकदम चालवून पुन्हा करा. आकडा किती घसरतो त्यावरून पॉवर सप्लायचा प्राण कळतो.

तिसरी चाचणी सबुरीची. मध्यम आवाजावर यंत्र दोन तास चालवा. हीट सिंकवर हात ठेवता येत नसेल, जळका वास येत असेल किंवा घरघर वाढत असेल, तर तो माल ग्राहकाच्या घरी उन्हाळा काढणार नाही.

‘५.१’ खरे की नावाचे?

सहा खुंट्या असल्या म्हणजे यंत्र ५.१ झाले असे नाही. अनेक स्वस्त यंत्रांत दोन चॅनेलचाच आवाज फोडून पाच स्पीकरना वाटलेला असतो. डॉल्बी किंवा डीटीएस उलगडणारा डिकोडर आत असेल तर ऑप्टिकल, कोअॅक्सिअल किंवा एच.डी.एम.आय. यांपैकी एक तरी वाट असते. एकेका स्पीकरला क्रमाने आवाज देणारी चाचणीची ध्वनिफीत वाजवून पाहा. मागच्या स्पीकरमधून पुढचाच आवाज येत असेल तर ग्राहकाला ‘दोन चॅनेलचे, पाच स्पीकरचे यंत्र’ असे स्पष्ट सांगून त्याच भावात द्यावे. त्या भावात घेणारेही पुष्कळ असतात.

येथेच आणखी एक इशारा. मशिदीच्या किंवा मदरशाच्या कमिटीचे लोक स्वस्त मिळते म्हणून कधी हेच यंत्र मागतात. भोंगे आणि लांब वायरीचे काम १०० व्होल्ट लाइनच्या अॅम्प्लिफायरचे आहे. घरगुती यंत्राला ४ ते ८ ओहमचा स्पीकरच मानवतो. कमिटीचा पैसा लोकांच्या चंद्याचा असतो. विक्री गेली तरी चालेल, पण खरे सांगावे.

जबाबदारी कोणाची?

व्यापाऱ्यांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालामुळे होणाऱ्या इजेची व नुकसानीची जबाबदारी विक्रेत्यावरही येऊ शकते. माल बनवणारा कोण हेच माहीत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर ग्राहक दुकानदाराला जबाबदार धरू शकतो. दुकानदाराने आपल्याच तोंडाने वेगळी हमी दिली असेल, किंवा यंत्रात फेरफार केल्यामुळे नुकसान झाले असेल, तरीही तेच. निकृष्ट अॅडॉप्टरने पेट घेऊन एखाद्याचे घर जळाले, तर खोक्यावरचा ब्रँड कोणाला सापडणार नाही. बिलावरचे आपले नाव मात्र सापडेल. म्हणून २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क आहे की नाही, हे पाहावे. घाऊक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे. सुटे बोर्ड, रिमोट आणि सर्किटचा नकाशा मिळेल काय, हे माल उचलण्यापूर्वी विचारावे. ज्याचा सुटा भाग मिळत नाही ते यंत्र पहिल्या बिघाडालाच भंगारात जाते.

दीनची शिकवण याहून पुढची आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, आत ओल लागली. पावसाने भिजले, असे मालकाने सांगितले. त्यावर, भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. ‘सहीह मुस्लिम’मध्ये हा प्रसंग नोंदलेला आहे. खोक्यावरचे खोटे हजार वॅट आपण छापलेले नसतात हे खरे. पण ते खोटे आहेत हे कळल्यावर गप्प राहणे म्हणजे ओले धान्य खाली दडवणेच आहे. पुसलेली आयसी, ॲल्युमिनियमची तार, नसलेला डिकोडर हे मालाचे ऐब आहेत. ऐब सांगून केलेला सौदा जायज आहे; लपवून केलेल्या सौद्यात बरकत नाही.

व्यवहाराचा सोपा मार्ग असा : प्रथम एकच नग घ्या. तो उघडा, मोजा आणि पंधरा दिवस दुकानातच वाजवा. टिकला तर पाच घ्या. मोजून आलेले खरे वॅट एका चिठ्ठीवर लिहून यंत्रावर चिकटवा आणि ‘आमच्या दुकानात मोजलेले’ असे ग्राहकाला सांगा. शेजारच्या दुकानात हजार वॅट लिहिलेले यंत्र असेल आणि आपल्याकडे चाळीस वॅटचे, तर सुरुवातीला दोन गिऱ्हाइके तिकडे जातील. पण दुरुस्तीला ती आपल्याकडेच येतील आणि पुढची खरेदीही, इन्शाअल्लाह, आपल्याकडेच करतील.