विश्लेषण : घर एक, करसवलत वेगळी! अमेरिकेतील ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ कोणाला मिळते?

एच-१बी व्हिसावर पुण्याहून न्यू जर्सीला गेलेले एखादे कुटुंब घ्या. थोरली मुलगी पुण्यात जन्मलेली, धाकटा मुलगा अमेरिकेत. आई-बाबा दोघांसाठी एकच विवरणपत्र भरतात. पण धाकट्यामुळे त्यांचा कर २२०० डॉलरपर्यंत कमी होतो, थोरलीमुळे फक्त ५०० डॉलरने. असे का?

‘क्रेडिट’ म्हणजे काय?
आपल्याकडे जुन्या करप्रणालीत दोन मुलांपर्यंतची शाळेची फी दीड लाखाच्या एकत्रित वजावटीत धरता येते. ही वजावट उत्पन्नातून होते. क्रेडिट मात्र थेट करातून वजा होते. कर ५००० डॉलर आणि क्रेडिट २२०० असेल, तर भरायचे उरतात २८००.

रक्कम किती?
१९९८ मध्ये ही सवलत प्रत्येक मुलामागे ४०० डॉलर होती. २०१८ पासून ती २००० झाली आणि २०२५ च्या कायद्याने २२००. मूल १७ वर्षांखालील हवे. पती-पत्नीचे एकत्रित उत्पन्न ४ लाख डॉलरच्या पुढे गेले, की रक्कम घटत जाते.

मग थोरलीला कमी का?
२०१८ पासून पूर्ण सवलतीसाठी मुलाकडे नोकरीस ग्राह्य असा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. धाकटा जन्माने अमेरिकी नागरिक, त्यामुळे त्याला तो मिळतो. एच-४ व्हिसावरील मुलीला मिळत नाही. तिच्यासाठी ‘आयटिन’ हा करक्रमांक काढावा लागतो. त्यावर ‘इतर अवलंबितां’साठीचे ५०० डॉलरच मिळतात. अमेरिकी नागरिक नसलेले मूल आजी-आजोबांकडे भारतातच राहत असेल, तर तेही नाहीत.

गरिबांना फायदा होतो का?
होतो, पण अपुरा. ज्यांना करच लागत नाही, त्यांना २०२५ साठी मुलामागे जास्तीत जास्त १७०० डॉलर परत मिळू शकतात. तेही साधारणपणे २५०० डॉलरच्या वरच्या कमाईच्या १५ टक्के. म्हणजे वर्षाला १०,००० डॉलर कमावणाऱ्या एका मुलाच्या आईला ११२५ डॉलर. काहीच कमाई नसेल तर शून्य.

२०२१ मध्ये काय घडले?
करोनाकाळात एका वर्षासाठी ही अट काढली गेली. सहा वर्षांखालील मुलामागे ३६००, मोठ्या मुलामागे ३००० डॉलर ठरले. निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा खात्यात आली. अमेरिकी जनगणना विभागाच्या पूरक मोजणीनुसार बालदारिद्र्य २०२० मधील ९.७ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर आले. ही वाढ आणि करोनाकाळातील इतर मदत थांबल्यावर २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झाले.

लक्षात काय ठेवावे?
ग्रीन कार्डनंतर मुलीला सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला, तर त्या वर्षीच्या विवरणपत्राच्या मुदतीआधी तो हातात असायला हवा. तिचे वय तेव्हा १७ च्या आत असेल, तरच पूर्ण सवलत. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षे घालवणाऱ्या कुटुंबांसाठी खरी अडचण हीच आहे.