अंतराळातील मराठी अभिवादन आणि वाचनाची किल्ली

संदेश टिकणे आणि तो वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. याचे उदाहरण बीड जिल्ह्यातच आहे. आंबेजोगाई येथे ज्यांची समाधी दाखविली जाते, त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनुसार शके १११० मधील, म्हणजे इ. स. ११८८ चा होय. मराठी बोलणाऱ्यांची परंपरा तेव्हापासून खंडित झालेली नाही. तथापि आज तो ग्रंथ पदव्युत्तर वर्गातही टीपांच्या साहाय्यानेच वाचावा लागतो. मग ज्या वाचकाशी आपला कोणताच संबंध नाही, त्याच्यासाठी लिहावे कसे?

हा प्रश्न १९७७ मध्ये प्रत्यक्ष उपस्थित झाला. त्या वर्षी अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर तांब्याची सुवर्णलेपित ध्वनिमुद्रिका बसविण्यात आली. कार्ल सेगन यांच्या समितीने तीत ५५ भाषांतील अभिवादने समाविष्ट केली. त्यांत मराठीही आहे. संगीतविभागात गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे.

मुद्रिका वाजवावी कशी, हे तिच्या आवरणावर आकृत्यांनी सांगितले आहे. शब्द निरुपयोगी असल्याने तेथे हायड्रोजनच्या अणूचा आश्रय घेतला आहे. या अणूच्या एका विशिष्ट अवस्थांतरात सुमारे २१ सेंटिमीटर तरंगलांबीचे प्रारण बाहेर पडते. त्याच्या एका कंपनास लागणारा काल, सुमारे ०.७ अब्जांश सेकंद, हे कालाचे एकक मानून मुद्रिकेच्या एका फेऱ्याचा काल, ३.६ सेकंद, द्विमान अंकांत कोरला आहे. हायड्रोजन विश्वात सर्वत्र एकसारखाच असल्याने ही किल्ली वाचकाजवळ आधीच असावी, अशी अपेक्षा आहे.

अभिवादनांना अशी किल्ली नाही. मराठी अभिवादनात ऐकणाऱ्याने ‘ह्या जन्मी’ धन्य व्हावे, अशी इच्छा व्यक्त झाली आहे. ‘हा जन्म’ म्हणताच पूर्वजन्म व पुनर्जन्म यांची कल्पना सूचित होते. ती ध्वनीच्या कोणत्याही पृथक्करणातून हाती लागणार नाही. भैरवीतील स्वरांची कंपनसंख्या मोजता येईल. परंतु मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा प्रघात मोजता येणार नाही. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या, हेही मुद्रिकेवर नाही.

म्हणून हा भाग व्यर्थ ठरतो काय? तसे नाही. पाठविणारे प्राणी बोलत होते, गात होते आणि त्यांच्या भाषा अनेक होत्या, एवढे त्यावरून अनुमानता येईल. अर्थाची किल्ली मात्र यानासोबत गेलेली नाही. सुमारे ४०,००० वर्षांनी व्हॉयेजर-१ ग्लीझ ४४५ या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षे अंतरावरून जाईल. तोपर्यंत मुद्रिका बहुधा टिकेल. परंतु तीवरील मराठीचा अर्थ जेथे मराठी वाचली व समजावून दिली जाते तेथेच टिकू शकतो. ‘विवेकसिंधु’वर टीपा लिहिणारा अभ्यासक हेच काम करीत असतो.